अच्युतरावांचं विरजण

अच्युतराव बेडकिहाळकर वारले त्याला नऊ दिवस होऊन गेले होते, आणि अजून ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होते, कारण कुमुदिनीबाईंचं काही ठरत नव्हतं. तसा त्यांचा त्रास काही नव्हता. सकाळी अंग पुसून घ्यायचे, दुपारी चार घास दहीभात खायचे आणि "आईचं दही," एवढं म्हणून गप्प व्हायचे. हे ते लग्नापासून म्हणत आले होते. मरणाने त्यात काडीचाही फरक पडला नव्हता.

फरक पडला होता तो स्वयंपाकघरात. खोली रोज एका फरशीने कमी होत होती. अच्युतराव मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, तेव्हा आकड्यात चूक निघायची सोयच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत अकरा फरश्या मोजल्या होत्या. आज दहाव्या दिवशी ते म्हणाले, "दोन." डब्यांची फळी आणि ओटा यांच्यामधून कुमुदिनीबाईंना आता अंग चोरून जावं लागत होतं.

त्यात आणखी दोन माणसं पहिल्या दिवसापासून तिथे मुक्काम ठोकून होती. तावदारे गोठवणाऱ्यांकडचे, मिसाळ वाचणाऱ्यांकडचे. दोघांच्या मांडीवर एकेक फॉर्म. चहा मात्र दोघांनाही बिनसाखरेचा लागे, तेवढं एक बरं होतं.

"काकू, आमच्याकडे काका अख्खे राहतील," तावदारे म्हणाले. "नखं, पायाच्या भेगा, नाकावरचा चष्म्याचा वळ, सगळं जिथल्या तिथे. उणे एकशे शहाण्णव अंशात ठेवतो. औषध निघालं की उठवायचं."

"कधी?"

"ते सांगता येत नाही."

"उठतील तरी का नक्की?"

"तेही सांगता येत नाही. पण जे असतील ते हेच असतील."

मिसाळ घसा साफ करून म्हणाले, "आम्ही मेंदूचे काप काढतो, काकू. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. एकेक काप वाचायचा, उतरवून घ्यायचा. मग काका बोलायलाच लागतात. आठवणी, सवयी, कुरकुर, काही सुटत नाही."

"आणि हे?" कुमुदिनीबाईंनी स्टुलाकडे हात केला.

"काप काढल्यावर काय उरणार, काकू?"

एकाला दिलं की दुसऱ्याला द्यायची सोय नव्हती. शेवटची फरशी गेली की दोघंही उठून जाणार होते. फॉर्मवर तसं छापलंच होतं. कुमुदिनीबाईंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांना अच्युतराव परत हवे होते, बस्स. भांडायला का होईना, पण हवे होते. गोठवले आणि दोनशे वर्षांनी उठले, तर भाजीत मीठ कमी आहे हे ते सांगणार कुणाला? आणि वाचून काढले, तर जे बोलेल ते अच्युतरावच, हे ओळखायचं कशावरून?

"विरजणाचंच बघा ना," मिसाळ ओट्यावरच्या दह्याच्या सटाकडे बघत म्हणाले. "सासूबाईंनी दिलेलं ना? ते पहिलं दही कुठे आहे आज? रोजचा चमचा पुढच्या दुधात. तरी काका म्हणतात, आईचं दही. आम्ही वेगळं काय करतो?"

कुमुदिनीबाईंनी सट हळूच मागे सरकवला.

सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी गुढीपाडव्याला त्यांनी श्रीखंडासाठी सगळं दही फडक्यात बांधलं, आणि विरजणापुरतं चमचाभर बाजूला काढायचंच विसरल्या. अगं बाई गं! फडकं पिळून पाहिलं, भांडं निपटून पाहिलं. शेवटी शेजारच्या शिराळकरवहिनींकडून पदराखाली वाटी झाकून आणली. दुसऱ्या दिवशी अच्युतराव पहिला घास घेऊन म्हणाले, "आईचं दही." कुमुदिनीबाईंनी पुढचा भात वाढला. त्याला एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षं तो माणूस शिराळकरांचं दही खात होता आणि डोळे मिटून आईला आठवत होता.

"दीड," अच्युतराव म्हणाले.

तावदारेंचे गुडघे ओट्याला टेकले. "आवरा हो काकू," ते म्हणाले. मिसाळांनी पेनचं टोपण काढून ठेवलं.

कुमुदिनीबाईंना काही सुचेना. आणि काही सुचेनासं झालं की हात जे करतात तेच त्यांनी केलं. दूध कोमट केलं. करंगळी बुडवून पाहिली, चटका बसला नाही. ते एका रिकाम्या सटात ओतलं.

"अहो, बोट द्या," त्या म्हणाल्या.

अच्युतरावांनी मुकाट्याने उजवा हात पुढे केला. त्यांचं गार बोट धरून कुमुदिनीबाईंनी ते दुधात बुडवलं, तीनदा फिरवलं आणि सटावर ताटली झाकली.

"हे कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही," तावदारे म्हणाले.

"आमच्याही नाही," मिसाळ म्हणाले.

"वैशाख आहे, चार तासांत लागेल. तोवर कुणी हलायचं नाही. धक्का लागला की फुटतं."

कुणी हललं नाही. भिंत तेवढी पुढे येत राहिली, तीही जपून, सटाला धक्का न लावता. अच्युतरावांचं ओलं बोट हवेत तसंच होतं. दूध बोटावर वाळलं. खिडकीतलं ऊन ओट्यावरून उतरून मिसाळांच्या बुटांवर आलं.

"एक," अच्युतराव म्हणाले.

मग ताटलीखाली कुणीतरी खाकरलं. पानावर बसण्याआधी अच्युतराव खाकरायचे, अगदी तसंच.

"कुमुद."

स्टुलावर अच्युतरावांचे ओठ मिटलेले होते. तावदारे फॉर्मची घडी करता करता थांबले. कुमुदिनीबाईंनी ताटलीवर तळवा ठेवला. ताटली उबदार होती. त्यांना रडू फुटलं, हसूही आलं, आणि धक्का लागू नये म्हणून दोन्ही त्यांनी घशातच दाबलं.

"आलात?" त्या पुटपुटल्या.

"आलो," आतून आवाज आला. "पण कुमुद, विरजण आईचंच आहे ना?"

मिसाळांनी पेन कागदाला टेकवलं. स्टुलावरच्या अच्युतरावांनी सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं. तळव्याखाली ताटली हळूहळू वर उचलली जात होती, आणि मागून आलेली भिंत कुमुदिनीबाईंच्या पाठीला टेकली.