निळी बॅग आणि मोनिकाचे दहा दिवस

मी एक निळी बॅग. श्रीरामपूरच्या एका दुकानात आठ महिने छताला उलटी टांगलेली होते. पंख्याच्या वाऱ्यानं गोल गोल फिरायचं आणि खाली घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांची टकलं बघायची, एवढाच माझा उद्योग. मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी बेलापूरचे बन्सी आणि बनुबाई आले. बन्सीनं माझी चाकं फरशीवर फिरवून पाहिली, कान लावून आवाज ऐकला, जसा तो आपल्या टेम्पोचा ऐकतो.

"इमानात बसवायची हाय, भाऊ. मजबूत हाय ना?"

विमानात बसणार होती मोनिका. वय सोळा. ती त्यांची पोटची मुलगी नव्हे. बालकल्याण समितीनं कागद करून ती त्यांच्याकडे सांभाळायला दिली होती, त्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. अशाच घरांत वाढणाऱ्या जिल्ह्यातल्या चार मुलांना एक संस्था दहा दिवस जपानला नेणार होती. पासपोर्टच्या कागदपत्रांतच सात महिने गेले होते.

पण मोनिका मला हात लावेना. तीन दिवस मी पलंगावर तोंड उघडून पडले होते. मला वाटलं, माझा रंग आवडला नसेल. चौथ्या दिवशी बनुबाई शेजारी येऊन बसली.

"का गं? जायाचं न्हाई व्हय?"

"न्हाई जानार."

"भ्या वाटतं इमानाचं?"

मोनिकानं नकारार्थी मान हलवली. म्हणाली, "सामान भरलं की मी परत त्या घरी येत न्हाई, काकू. आजीकडनं बालगृहात गेले, तितनं राहात्याला एका घरी, मग हितं. परत्येक डावाला म्हनले, थोडेच दिवस."

बनुबाई उठली. तिनं कपाट उघडलं. स्वेटर, दोन ड्रेस, टॉवेल एवढंच माझ्यात ठेवलं. वह्या, उन्हाळ्याचे कपडे, दिवाळीचा नवा ड्रेस, सगळं पुन्हा फळीवर रचलं. "ह्ये हितंच ऱ्हाईल. धा दिवसाला कशाला सगळं न्यायचं?"

मोनिका त्या फळीकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या हातानं माझ्यात कंगवा टाकला.

मी अर्धी रिकामी राहिले, ते बन्सीला सहन होईना. त्यानं शेंगदाण्याची चटणी, चकल्या, शंकरपाळी कोंबली आणि कुणाला न सांगता सगळ्यात खाली राहात्याहून आणलेले चार पेरू लपवले.

ओसाकाच्या विमानतळावर एक छोटंसं कुत्रं माझ्याजवळ आलं, नाक लावलं आणि चक्क बसलं. हालेचना! माझा जीव चेनमध्ये आला. संस्थेच्या ताई पुढे निघून गेल्या होत्या. गणवेशातल्या बाईंनी मला टेबलावर घेतलं आणि मोनिकाला इंग्रजीत विचारलं, "ही बॅग कुणी भरली?"

घरी ती बन्सीला 'काका' म्हणायची. शाळेच्या फॉर्मवर 'पालक' लिहायची. ती म्हणाली, "माय मदर. अँड माय फादर."

बोलल्यावर तीच दचकली. बाईंनी पेरू काढले, बाहेरची फळं आणायला बंदी आहे असं समजावलं. मोनिकानं हात जोडून माफी मागितली, फॉर्म स्वतः भरला, सही केली. मग बाई हसल्या आणि मला बंद करू लागल्या. पण चकल्यांमुळे मी काही बंद होईना. शेवटी दोघी मिळून माझ्यावर बसल्या.

समुद्राकाठच्या एका गावात सगळे उतरले. चार देशांतली तीस मुलं, सगळी दुसऱ्यांच्या घरी वाढलेली. 'तुझे आईवडील काय करतात?' हा प्रश्न तिथे कुणीच कुणाला विचारला नाही. मोनिकाला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. होडी चालवणाऱ्या युको नावाच्या बाई स्वतः बालगृहात वाढलेल्या. त्यांनी मोनिकाच्या हाती सुकाणू दिलं. त्या संध्याकाळी फोनवर तिचं तोंड थांबेना.

"जेवलीस का?" बनुबाईचं पहिलं वाक्य.

"व्हय. भात हाय, पन लई चिकट! आन मी होडी चालवली!"

मागून बन्सी ओरडला, "पेरू गोड निघाले का?"

"कुत्र्यानं धरून दिले, आबा!"

पहिल्यांदाच ती त्याला 'आबा' म्हणाली होती. बन्सी म्हणाला, "बरं... दुसरे आनू."

दहाव्या दिवशी आम्ही परत आलो. बेलापुरात मोनिकानं चप्पलसुद्धा न काढता आधी कपाट उघडलं. वह्या जागेवर होत्या. बनुबाई म्हणाली, "आगं, हात-पाय तरी धू!"

गेल्या महिन्यात मोनिका अठरा वर्षांची झाली. समितीचा कागद संपला. समितीच्या मॅडम आल्या, पुढे कुठे राहणार म्हणून विचारलं. बन्सी नखं कुरतडत बसला होता. मोनिका म्हणाली, "हितंच. सकाळी कॉलेजला जाते, सांजच्याला घरी येते." ती आता श्रीरामपुरात शिकते आणि मोबाईलवर जपानी भाषेचा सराव करते. बन्सीला तिनं दहापर्यंत आकडे शिकवलेत. टेम्पोत मालाची कॅरेट चढवताना तो जपानीत मोजतो, हमाल हसतात.

माझं अस्तर फाटलंय, अंगावर ओरखडे आहेत. पण आज मला पुसून उन्हात ठेवलंय. गावातल्या कादरभाईंच्या घरी वाढणारी सुमैरा यंदा जपानला निघालीये. चौदा वर्षांची. दारात उभी राहून ती पुटपुटली, "जाते मी."

"जाते न्हाई म्हनायचं," बनुबाई म्हणाली, "येते म्हन."

सुमैरानं माझी मूठ घट्ट धरली. तिचा हात घामानं ओला आहे, तो वाळेल. तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण धूळ खात असेल, तर तिलाही कुणाच्या तरी सोबत पाठवा.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजतोय. बरंय मंडळी, येते.