चौथीच्या वर्गातली फरशी

चौथीच्या वर्गात वाचताना जो अडखळेल, तो दर चुकीला बोटभर फरशीत रुतायचा. हुशार मुलं घोट्यापर्यंत जायची आणि पाय झटकून जागेवर बसायची. कस्तुरी कमरेपर्यंत जायची. तिच्यापुढची अक्षरं मुंग्यांसारखी पळायची आणि तिच्या फ्रॉकला चिकटून घरी यायची. मधल्या सुट्टीत तिची आई शालन शाळेत यायची, काखेत हात घालून तिला वर काढायची आणि मांडीवर घेऊन तोच धडा तिच्याबरोबर हळूहळू वाचायची. एवढ्यावर पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत जायला तयार व्हायची.

मग त्याच वर्गात भरलेल्या पालकसभेत वर्गशिक्षिका देवकुळे बाईंनी शालनलाच सूचनापत्र वाचायला उभं केलं. "पोरीचं हे कुठून आलंय ते बघू या," त्या म्हणाल्या. पालक हसले. शब्दाशब्दाला अडखळत तिसऱ्या ओळीला शालन डोक्यासकट खाली गेली आणि फरशी मिटली. बाईंनी त्या जागेवर बाक ओढला आणि सभा पुढे चालवली.

आता कस्तुरी गळ्यापर्यंत जाऊ लागली होती. रोज सकाळी ती शाळेला नाही म्हणायची. सोमवारी अख्खा धडा वाचायची पाळी तिची होती. तिचा बाप भानुदास तिच्याबरोबर वर्गात गेला.

"हिला आज माझ्याजवळ बसून वाचू द्या, बाई."

"लाड नकोत. सवय झाल्याशिवाय भीती कशी जायची?"

"तेही खरंच," असं म्हणून त्यानं फ्रॉकवरून झाडून ठेवलेली अक्षरं खिशातून काढली आणि बाईंच्या पुस्तकावर ओतली. "आधी तुम्ही वाचून दाखवा. पोरं शिकतील."

बाईंनी सुरुवात केली. बघता बघता त्या गुडघ्यापर्यंत गेल्या.

"ही हलताहेत."

"बाई, मोठ्यांदा," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

छातीपर्यंत गेल्यावर त्यांच्या हातून पुस्तक पडलं. "अहो, हात द्या."

भानुदासनं पुस्तक उचलून त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. "पुढची ओळ."

त्यांनी वाचली. सगळी चुकली, पण त्या तसूभरही खाली गेल्या नाहीत.

"खालून कुणीतरी तळव्यांना हात लावून वर ढकलतंय," त्या म्हणाल्या.

कस्तुरीनं फरशीला कान लावला.

"आई आहे, बाबा."

भानुदासनं पुस्तक बाजूला ठेवलं, बाह्या वर केल्या, दोन्ही हात बाईंच्या खांद्यांवर ठेवले आणि अंगाचा सगळा भार टाकला.