खुर्चीची भाषा

हेझेलरोडे हे ब्रसेल्सला खेटून असलेलं गाव. गावातली बहुतेक घरं फ्रेंच बोलतात, पण गाव मोडतं बेल्जियमच्या डच भाषक प्रांतात, म्हणून नगरसभेचा कारभार डचमध्येच. बेकरीत, दवाखान्यात, नवरा-बायकोच्या भांडणात फ्रेंच चालतं. अध्यक्षाच्या खुर्चीवर चालत नाही. त्या खुर्चीवरून एक फ्रेंच वाक्य गेलं की कुणीतरी वर तक्रार करतं आणि ठराव रद्द होतो. याला शहाणपण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

त्या संध्याकाळी खुर्चीवर गिलेन व्हॅन्डरहागन होती. आडनाव अस्सल डच, बाई फ्रेंच पक्षाची. समोर विरोधी बाकावर वाउटर लफेव्र. आडनाव फ्रेंच, माणूस कडवा डचवाला. आमच्याकडे कुणाचे आजोबा कुठले, हे फारसं विचारायचं नसतं.

ठराव वृद्धाश्रमाचा होता. एका कंपनीला ती इमारत पाडून महागडे फ्लॅट बांधायचे होते. आज गावानं 'आश्रम ठेवतो' म्हटलं नाही तर मुदत संपणार आणि तिथले म्हातारे चहूकडे पांगणार. गिलेनकडे एकाच मताची आघाडी होती, तीही तापानं फणफणलेल्या एका सदस्याला अंथरुणातून उठवून आणलं म्हणून.

"जपून हं, अध्यक्षबाई," वाउटर म्हणाला. "आमचे कान उघडे आहेत."

"कान असू देत उघडे. तोंड मिटलंत तरी पुष्कळ झालं," गिलेन डचमध्ये म्हणाली. बाकांवर हशा पिकला. वाउटरच्या मागे त्याचा कार्यकर्ता मोबाइल रोखून बसला होता, तो तेवढा हसला नाही.

प्रेक्षकांत पहिल्या रांगेत गिलेनचे वडील फेर्नां, शेजारच्या जोझियानबाईंसोबत. दर सभेला येऊन "फ्रेंचमध्ये बोला!" असं ओरडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. डचचा एक शब्द शिकले नाहीत, निव्वळ हट्टानं. आता डोकं साथ देत नव्हतं, पण सभेचा दिवस चुकवू द्यायचे नाहीत. इथं आले की पेंगत बसायचे.

मतदान सुरू झालं. एकदा नावं पुकारायला लागली की सभा थांबवता येत नाही, हाही आमचाच नियम. तीन-चार मतं पडली आणि फेर्नां दचकून जागे झाले.

"गिलेन, तुझी आई कुठंय?"

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी हा प्रश्न रोजचाच. "बेकरीत गेलीय, पप्पा, येईल एवढ्यात," असं गिलेननं म्हटलं की ते शांत व्हायचे. जोझियानबाईंनी तेच सांगून पाहिलं.

"तुम्हाला कोण विचारतंय? मी माझ्या पोरीला विचारतोय!" ते उठले आणि थरथरत कठड्यापर्यंत आले. "गिलेन, बोल ना गं! काय झालं तिला?"

गिलेन पुरती कात्रीत सापडली. वाउटरला उत्तम फ्रेंच यायचं. लहानपणी फेर्नांनीच त्याला सायकल शिकवली होती. त्यानं तोंड उघडलंही, पण मागचा मोबाइल त्याच्याकडे वळला आणि तो टेबलाकडे बघत बसला. तोही बांधलेलाच होता बिचारा.

गिलेननं 'पप्पा' हा शब्दसुद्धा गिळला. न जाणो, तोही कुणी फ्रेंच ठरवायचं. होईल तितक्या मायेनं ती डचमध्ये म्हणाली, "साहेब, कृपया बसून घ्या."

फेर्नांनी टोपी काढली. अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "माफ करा बाई, मला ही भाषा येत नाही. मी माझ्या मुलीला शोधतोय."

जोझियानबाई त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन गेल्या. सचिवानं शेवटचं नाव पुकारलं. "बाजूनं," गिलेन म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. ठराव एका मतानं पास झाला, टाळ्या पडल्या, आश्रम वाचला.

ती टाळ्या संपायची वाट न बघता बाहेर धावली. फेर्नां पायरीवर बसले होते. ती त्यांच्या शेजारी टेकली, त्यांचा हात हातात घेतला आणि भडाभडा फ्रेंचमध्ये बोलत सुटली. "पप्पा, मी गिलेन. आई बेकरीत गेलीय. येईल एवढ्यात. मी आहे ना इथं, पप्पा."

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिच्या हातावर थोपटत कौतुकानं म्हणाले, "तुम्ही फ्रेंच फार छान बोलता हो, बाई. कुठं शिकलात?"