डाव्या गालाची हद्द

सर्दीला आठवा दिवस लागला. सकाळी दात घासताना तिनं आरशात पाहिलं, तर डाव्या गालावर फेसाचा ओघळ, आणि गालाला त्याचा पत्ताच नाही. तिनं चिमटा काढून बघितला. गाल दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा गप्प.

बाळंतपणापासून तिचं मन आधी वाईटाकडेच धावायचं. दोन मिनिटांत तिनं फोनवर चेहरा बधिर होण्याची अकरा कारणं वाचून काढली. त्यातला अर्धांगवायू तेवढा ठाण मांडून बसला. आपलाच हात लुळा पडला, तर या अडीच वर्षांच्या कार्टीला कडेवर कोण घेणार?

"माझं तोंड वाकडं दिसतंय का बघ."

नवरा सुतार, दारं-खिडक्या बसवणारा. नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नाही ही त्याची धंद्यातली सवय. त्यानं पिशवीतून पाणसळ काढली, तिच्या ओठांना आडवी लावली आणि एक डोळा मिटून बुडबुडा पाहिला.

"हस."

"कशावर हसू?"

"हेच तर. आठ दिवस हसलीच नाहीस, मग ताडून कशाशी बघू? बुडबुडा मधोमध आहे. तरी आत्ताच दाखवून ये. लाकूड असतं तर गॅरंटी दिली असती."

दवाखान्यात गर्दी. काउंटरवरच्या मुलीनं पोरीला गुंतवायला बदकांचे स्टिकर दिले. पोर डाव्या कडेवर. तिनं एक बदक आईच्या गालावर चिकटवलं. एरवी लगेच हात झटकणारी आई आज काहीच म्हणेना, तसा पोरीला चेव चढला. दुसरं, तिसरं, चौथं. आई भिंतीकडे बघत मनातल्या मनात नवऱ्यासाठी निरवानिरव करत होती: दूध कोमट, मोजे उलटे चालत नाहीत, निळी वाटी दिली तर जेवत नाही.

समोरचे काका पेपराआडून बघायला लागले. एका शाळकरी मुलीनं आपल्या आईला कोपरानं ढोसलं. संपलं, आता लोकांनाही दिसायला लागलं, असं मनाशी म्हणून तिनं खात्रीसाठी काकांकडे बघून रुंद हसून दाखवलं. काकांनी पेपर आणखी वर धरला.

शेजारच्या आजींना राहवेना. "मुली, तुझ्या गालावर..."

"माहितीये आजी. सकाळपासून आहे."

"सकाळपासून?"

"काय करणार. डॉक्टर काढतील काहीतरी मार्ग."

"अगं, नखानं निघेल," आजी म्हणाल्या, पण तेवढ्यात तिचा नंबर आला.

डॉक्टरीणबाईंनी आधी चारही बदकं सोलून टेबलाच्या कडेला ओळीनं लावली. ती शरमेनं अर्धी झाली.

"काढताना कळलं?"

"नाही."

"भुवया वर करा. डोळे घट्ट मिटा. गाल फुगवा. दोन्ही हात समोर धरा." पोरीनंही सगळं करून दाखवलं. "छान. गाल हलतोय, फक्त कळत नाहीये. हलवणारी नस वेगळी, कळवणारी वेगळी. गालाच्या हाडामागची सायनसची पोकळी भरून सुजलीय. कळवणारी नस तिच्या छतातूनच जाते, ती दबली असावी." मग त्यांनी वरच्या दाढा ठोकून पाहिल्या. "कधी दुखणं दाढेच्या मुळाशी असतं. तुमच्या ठीक वाटतात. सूज उतरली की बहुतेक जाणीव परत येईल, नाही आली तर स्कॅन काढू. पण डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, जोराचा ताप, किंवा तोंड खरंच वाकडं झालं, तर मिनिटभरही थांबायचं नाही."

"इथे अकरा कारणं दिलीत." तिनं फोन पुढे केला.

"सगळी एकाच गालाला देऊ नका."

कापसाचा बोळा फिरवत, जिथवर कळत नव्हतं तिथवर त्यांनी निळ्या पेनानं रेष आखली. उद्या हद्द वाढली की घटली ते बघायला.

संध्याकाळी नवरा आला. गालावरची रेष त्यानं नीट निरखली आणि कानामागची पेन्सिल हातात घेतली.

"कापायचं कुठून? रेषेच्या आतून की बाहेरून?"

ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा मनापासून, आणि इतकी, की नाकातून हा एवढा फुगा आला. कडेवर पोर असल्यानं हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं तो त्याच्याच बाहीला पुसला.