भोक बुजेपर्यंत

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर सूर्याचा फोटो, त्याच्या मधोमध हा भला मोठा काळा डाग! "सूर्यदेवाच्या छातीला भोक पडलंय! आज तो कोपणार!" महाराज टेबलामागून गरजले आणि समोरच्या बरणीत दोऱ्याला टांगलेली सुई गर्रकन फिरली. लोकांनी हात जोडले.

गर्दीत एक जण वेधशाळेतला होता, चुंबकसुईच्या हालचालींचे तक्ते मांडणारा. महाराजांनी कोपाची म्हणून सांगितलेली आजची तारीख खरी होती. सकाळीच त्याच्या यंत्राचा काटा बिथरला होता. आणि शेजारी बसलेल्या त्याच्या ताईनं आठ दिवस रक्तदाबाची गोळी घेतली नव्हती. भोक बुजेपर्यंत औषध बंद, असा महाराजांचा हुकूम!

न राहवून तो उठला आणि त्यानं टेबलावरचं कापड खस्सकन ओढलं. महाराजांच्या गुडघ्याला लोहचुंबक बांधलेलं. मांडीवर त्याचाच जुना तक्ता! हा त्यानं ताईच्या फडताळात अंथरायला दिला होता.

"मीच नेऊन दिला," ताई पुटपुटली. "लाल खुणा एकाखाली एक आल्या होत्या. मला वाटलं, देवाचा संकेत."

"अगं, त्या खुणा सुई जास्त हलल्याच्या दिवसांच्या! आम्ही एका ओळीत सत्तावीसच दिवस मांडतो, म्हणून त्या एकाखाली एक येतात; पुढची तारीख त्यावरूनच कळते. तेवढ्यात सूर्याची स्वतःभोवती एक फेरी होते, तोच डाग पुन्हा आपल्यासमोर येतो. तिथून सूर्याच्या कणांचा वारा जोरात सुटतो, इथं चुंबकसुई हलते. तीही केसभर, डोळ्यांना दिसणार नाही इतकी!"

महाराज गालात हसले. "पण तारीख चुकली का?"

"नाही," तो म्हणाला. खोटं कसं बोलणार? सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याला रडूच आलं.

घरी त्यानं परोपरीनं समजावलं. "ताई, ते भोक नाही गं. तिथला तापलेला वायू विरळ झालाय, म्हणून खास कॅमेऱ्यात काळं दिसतं. अकरा वर्षांच्या चक्रात असे डाग येतात नि जातात. हाही काही महिन्यांत जाईल."

"जाईल ना? महाराजही तेच म्हणाले. तोवर थांबते."

आता काय कपाळ बडवायचं! लोकहो, तारीख खरी निघाली म्हणून ती सांगणारा खरा ठरत नाही. कशानं खरी निघाली, एवढं तरी विचारा. सूर्याला आपला पत्ताही ठाऊक नाही. गोळी मात्र हाताशी आहे.

एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन तो ताईसमोर उभा आहे. ताई तोंड उघडत नाही.