वीतभर कमी

बाईंनी खांबाला टेप लावला, काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. साडेपाच फूट. दुसराही साडेपाच. तिसऱ्याला टेप लावायची गरजच नव्हती, पण त्यांनी लावला.

"अहो, हे काय कापून ठेवलंत?"

मास्तर करवतीचा भुसा झटकत आले. त्यांचं शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. तिथलं कापड कापायचं जुनं टेबल मोडून त्यांनी आदल्या संध्याकाळी हे खांब काढले होते.

"का? एका मापाचे आहेत की तिन्ही."

"एका मापाचेच आहेत. मला सात फूट हवे होते."

"तू सव्वासहा सांगितलेस."

"तुम्ही प्रत्येक मापात शिवणीसाठी ठेवता तसा वीतभर जास्तीचा दाब धरता म्हणून सव्वासहा सांगितले. म्हणजे बरोबर सात झाले असते."

मास्तर कान खाजवत म्हणाले, "आणि मागे ते फडताळ भिंतीत मावलं नाही तेव्हा वर्षभर ऐकवलंस. म्हणून या वेळी दाब धरलाच नाही. उलट म्हटलं, ही सवयीने वीतभर वाढवूनच सांगत असणार, म्हणून..."

"म्हणून वीतभर काढलेत."

"काढले."

तीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना इतकं ओळखलं होतं की खांब दोन विती आखूड झाले होते.

एरवी बाई हसल्या असत्या. औषधांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं तराजूसमोर बसून काढल्यामुळे त्यांना तिथे मिलिग्रॅमबाई म्हणत, आणि आपल्या हातून माप चुकलं तर त्याचं त्यांना आधी नवल वाटे, मग हसू येई. पण आज सकाळीच रेडिओवर सांगितलं होतं: दुपारी तीननंतर सोसाट्याचा वारा. आता साडेदहा झाले होते. आणि दर रविवारसारख्या आजही वन्सं येणार होत्या.

परसात कुंपणालगत सोळा फुटांची रासबेरीची रांग होती. ती मूळची सासूबाईंची. त्यांच्यामागे घर विकलं तेव्हा नवा मालक मागच्या अंगणात फरशी घालणार असं कळलं, आणि बाईंनी पाच मुळं ओल्या पोत्यात गुंडाळून आणली. रासबेरीचं तंत्र असं की यंदा वर आलेली छडी पुढच्या वर्षी फळते आणि मग वाळते. तेवढ्यात बुडातून नव्या छड्या येतात. म्हणजे फळासाठी एक वर्ष थांबायचं, आणि ते वर्ष वाया गेलं की पुन्हा एक. गेल्या वर्षी फळं हिरवी असतानाच वाऱ्याने सगळ्या छड्या मोडून जमिनीवर निजवल्या. वारा पडल्यावर वन्सं येऊन इथेच उभ्या राहिल्या होत्या. आयुष्यभर वॉर्डात सिस्टर म्हणून हुकूम सोडलेली बाई, बोलणं मोजकं.

"माझ्या आईची झाडं आहेत ती," त्या म्हणाल्या होत्या. "पुढच्या वर्षीही असंच झालं तर पोतं घेऊन येईन आणि उपटून नेईन. गच्चीवर पिंपात लावीन."

वन्सं बोलत तेच करत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि यंदा छड्या बाईंच्या कपाळाला लागतील एवढ्या वाढल्या होत्या, तेवीसच्या तेवीस फळांनी वाकल्या होत्या. दोन फळांवर लाली चढली होती. त्यांना बांधायला आज खांब पुरून तारा ओढायच्या होत्या. दुपारच्या वाऱ्यात त्या आडव्या झाल्या तर रांग गेलीच.

"खांब कमी पुरू या," मास्तर म्हणाले. "फूटभर."

"फूटभर पुरले तर वारा सुटायच्या आधीच तारेच्या ताणाने आत झुकतील. दोन फूट जमिनीत हवेतच."

"मग वर साडेतीन उरतात. छड्या पाच फुटांच्या वर."

"तेच तर."

मास्तरांनी एक खांब उभा धरला आणि मागे होऊन, गिऱ्हाइकाला न्याहाळावं तसं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांचे डोळे चमकले.

"अगं, कापड कमी पडलं की आम्ही काय करतो? तिरपा तुकडा जोडतो, कळी लावतो. घेर वाढतो आणि आखूडपणाही झाकला जातो."

"लाकडाला कळी?"

"दुकानात कपडे टांगायच्या दोन दांड्या पडून आहेत, आठ-आठ फुटी. एकेकीचे तीन तुकडे केले तर सहा होतात. प्रत्येक खांबाला दोन, दोन्ही बाजूंना तिरपे, वर उघडलेले."

बाईंनी खिशातला कागद खांबावरच टेकवून आकृती काढली. तिरप्या हातांची टोकं पाच फुटांवर जात होती. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, तशी पेन्सिल थांबली. फळणाऱ्या छड्या दोन्हीकडच्या तारांना बांधल्या की मधली जागा मोकळी, आणि पुढच्या वर्षीच्या कोवळ्या छड्या नेमक्या तिथूनच, मधून, उजेडात वर येणार. सरळ खांबांत हे झालंच नसतं.

"मास्तर, हे माझ्या आधीच्या आकृतीपेक्षा चांगलं आहे."

"लिहून दे," मास्तर म्हणाले आणि करवत आणायला जवळजवळ पळाले.

मग कामाला जी रंगत चढली ती विचारू नका. मास्तर कापत, बाई भोकं पाडत. खड्डे खणताना पहारीला दगड लागला तेव्हा दोघांनी मिळून तो उपटला आणि बक्षीस मिळाल्यासारखा बाजूला ठेवला. खांबांचे कापलेले वीतभर तुकडेही वाया गेले नाहीत. बाईंनी ते खांबांच्या बुडाशी आडवे ठोकले, म्हणजे मातीत पाय रोवलेले राहतील. जेवण उभ्याने झालं. दोन वाजता चारही तारा ओवून झाल्या आणि बाईंनी पान्याने एकेक ताणली. बोटाने छेडली तर तार गुणगुणली. त्यांनी दुसरी छेडली, मग तिसरी, आणि चौथी अर्धा फेरा आणखी पिळली.

"आता वाजवत बसू नकोस," मास्तर म्हणाले. "झाडं हलायला लागली."

कुंपणापलीकडची झाडं खरंच हलत होती. छड्या बांधायला मास्तरांनी कापडाच्या किनारींचा गुंडाळा आणला. बाईंनी पहिली छडी तारेशी घट्ट आवळली.

"गळा आवळतेस का तिचा?"

दारात वन्सं उभ्या होत्या. एका हातात फावडं, काखेत घडी घातलेलं पोतं.

"वन्सं, तुम्ही लवकर आलात."

"वारा लवकर येतोय. गेल्या वर्षी मी वाऱ्यानंतर आले होते." त्यांनी खांबांकडे पाहिलं, तिरप्या हातांकडे पाहिलं, मग भावाकडे. "हे तू शिवलंस?"

"कळी लावली, ताई."

वन्संनी पुन्हा त्या आवळलेल्या गाठीकडे पाहिलं. ते त्यांना सोसवेना. फावडं भिंतीला टेकवून त्या पुढे झाल्या. "सोड ती. बँडेजमध्ये बोट गेलं पाहिजे, नाहीतर पुढचा भाग काळा पडतो. आधी तारेला वेढा, मग पीळ, मग छडीला. अशी. दे इकडे किनारी."

पुढची वीस मिनिटं परसात फक्त वन्संचा आवाज होता. "धर. वाकवू नकोस, टेकव. पुढची. अरे, तू लांब पट्ट्या कशाला फाडतोस, वीतभर पुरे." मास्तर आणि बाई एकमेकांकडे बघायचं टाळत राहिले. बाविसावी बांधताना वन्संचा पदर उडून तोंडावर आला. तेविसावी त्यांनी डोळे मिटूनच बांधली.

वारा आला तो कुंपणाला धक्का देतच. दोरीवरची चादर सुटून शेजारच्या छपरावर गेली, तिकडे कोणी पाहिलंही नाही. तिघंही स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून उभी होती. पानांची पांढरी पाठ वर आली, सगळी रांग एकदम डावीकडे झुकली, तारा ताणल्या आणि रांग परत आली. पुन्हा झुकली, परत आली. शेवटचा खांब जरा हलला तेव्हा बाईंनी नकळत वन्संचा हात धरला. वन्संनी तो काढून घेतला नाही.

"बुडाशी पाय ठोकलेत ना?" वन्संनी विचारलं.

"हो."

"मग राहील."

पावणेपाचला वारा पडला. बाई बाहेर गेल्या आणि शेवटच्या खांबापासून मोजत आल्या. तेवीस. एका छडीचा शेंडा मोडला होता, तो त्यांनी वेगळा मोजला. लाल झालेली दोन्ही फळं जागच्या जागी होती. वन्संनी त्यातलं एक तोडलं, आधी उजेडात धरून पाहिलं, मग तोंडात टाकलं.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. "आईच्या वेळी पण पहिलं आंबटच असायचं."

मग त्यांनी पोतं उचललं. बाई रांगेपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आणलंय तर रिकामं कशाला नेऊ. त्या रांगेबाहेर फुटवा आलाय, तेवढा एक काढून दे. गच्चीवर एक पिंप रिकामं आहे."

बाईंनी फावडं घेतलं आणि गुडघ्यावर बसल्या. "मुळं किती लांब घेऊ, वन्सं?"

"वीतभर जास्त घे," मागून मास्तर म्हणाले. "मी काही कापत नाही."