शेवटचे दोन मीटर

मी एक जुनी वीजतार आहे, मित्रांनो. मनगटाएवढी जाड, अंगावर निळसर विणीचे कापड आणि दोन्ही टोकांना सोनेरी मुलाम्याच्या पिना. भिंतीतली वीज गाण्याच्या यंत्रापर्यंत पोचवायची, एवढेच माझे काम. ते कोणतीही तार करते. पण माझ्या खोक्यातल्या चोपडीत छापले होते की माझ्यातून वीज गेली की आवाजावरचा पडदा दूर होतो. मला विणणाऱ्या कारागिराचाही त्यावर विश्वास होता. मग मी तरी ते खोटे का मानावे?

मी ओकाया या जपानी शहरात, सुवा तलावाकाठी, तेत्सुरो उसामी यांच्या घरी आले. त्यांची चाळीस वर्षे कॅमेऱ्याची भिंगे तपासण्यात गेली होती. केसाहून बारीक ओरखडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. डोळ्यांइतकाच त्यांचा स्वतःच्या कानांवर भरवसा होता. वय एकाहत्तर.

त्यांच्याकडे एक कॅसेट होती. त्यांची एकुलती एक मुलगी शिओरी सोळा वर्षांची असताना शेजारच्या खोलीत बासरी वाजवत होती, तेव्हा त्यांनी ती भरून घेतलेली. एकोणिसाव्या वर्षी रक्ताच्या आजाराने शिओरी गेली. कॅसेटवर ती एक शब्दही बोलत नाही. फक्त पहिला सूर लागायच्या आधी तिने घेतलेला श्वास ऐकू येतो. उसामीसान म्हणत, "सूर बासरीचा. श्वास तेवढा आपल्या पोरीचा."

तोच श्वास त्यांना ऐकू येईनासा झाला होता.

"वीज खराब येतेय," ते पत्नीला, कानाएबाईंना म्हणाले. "समोर ते नवं दुकान झालंय ना, त्यांच्या फ्रीजमुळे."

"अहो, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या एकदा."

"माझे कान ठणठणीत आहेत!"

"हो का? मग भाताचा कुकर मघापासून बीप-बीप करतोय, तो कोणी बंद करायचा?"

उसामीसान घुश्शातच उठले आणि त्याच आठवड्यात मला घेऊन आले. यंत्रांच्या दुकानाचे मालक मोरिशितासान मला जोडायला स्वतः आले होते. जाताना त्यांनी बजावले, "नवी तार दोनशे तास वाजल्याशिवाय खुलत नाही बरं का. आणि रोज ओळखीचंच काहीतरी लावा, म्हणजे फरक लगेच कळेल."

ओळखीचे म्हणजे काय, हे सांगायला नको. सकाळचे मिसोचे सूप झाले की कॅसेट लागे. श्वासाच्या जागेपर्यंत वाजवायची, मागे न्यायची, पुन्हा वाजवायची. कानाएबाई तेवढ्यात अंगणात निघून जात. मुलगी गेल्यापासून त्यांनी ती कॅसेट कधीच ऐकली नव्हती.

चौथ्या दिवशी उसामीसान ताडकन उभे राहिले. "आला! कानाए, श्वास आला!" त्यांचे डोळे भरून आले होते. मित्रांनो, माझी छाती त्या दिवशी किती फुगली असेल!

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. कानाएबाई कपाटामागचा कचरा काढत होत्या. मी जाड, वाकत नाही, म्हणून त्यांनी मला काढून ठेवले आणि तेवढ्यापुरती यंत्राला माझ्याआधीची जुनी काळी तार लावली. इतक्यात शेजारीण आली आणि त्या मला विसरल्या. मी वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाखाली पडून राहिले. उसामीसान फिरून आले, कॅसेट लावली आणि ओरडले, "आज तर कमालच! तार पुरती खुलली बघ!"

कानाएबाई दारात आल्या. त्यांनी भिंतीतल्या काळ्या तारेकडे पाहिले, मग कपड्यांच्या ढिगाकडे. मला तेव्हा सगळे कळले. डोंगरापलीकडच्या धरणापासून वीज कित्येक मैल साध्या तारांतून येते. मी शेवटचे दोन मीटर. उसामीसान ऐकत होते ती त्यांची आशा होती.

ते आंघोळीला गेल्यावर बाईंनी मला गुपचूप पुन्हा जोडले. नवऱ्याचा तो आनंद मोडायचे त्यांना धाडस झाले नाही.

आशा काही टिकली नाही. श्वास पुन्हा हरवला. मग भिंतीतला सॉकेट बदलला. मग मी जमिनीला टेकू नये म्हणून माझ्याखाली लाकडी ठोकळे आले. दर बदलाला कॅसेटची परीक्षा, दहा-दहा वेळा. बाई एकदा म्हणाल्या, "निदान तिची दुसरी प्रत तरी करून ठेवा." ते म्हणाले, "नक्कल ती नक्कलच. तिच्यात शिओरी नसेल."

दोन वर्षांनी, शरदात, मागून येणाऱ्या सायकलची घंटी त्यांना ऐकू आली नाही. पडले, हात मोडला. दवाखान्यात कान तपासले गेले. वरच्या पट्टीतले आवाज जाऊन काही वर्षे झाली आहेत, ते परत यायचे नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले.

घरी आल्यावर उसामीसान हलकेच हसले. "म्हणजे श्वास आहे. मलाच ऐकू येत नाहीये. कानाए, तुझे कान चांगले आहेत. बस इथे. ऐक आणि मला सांग."

बाई बसल्या. कॅसेट फिरू लागली. आधी नुसती खरखर झाली, मग एकदम बासरी. गोधडीखालून यावी तशी, मंद. मधे काहीच नव्हते. हजारदा घासली जाऊन फीत झिजली होती.

"आहे ना?"

"आहे," बाई म्हणाल्या.

ओरखडे शोधण्यात जन्म गेलेला माणूस तो. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. "खरं सांग."

"नाहीये हो. पुसला गेलाय." त्यांनी तोंडाला रुमाल लावला. "तुम्ही एकदा जुन्याच तारेवर ऐकत होतात. तुम्हाला फरक कळला नव्हता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

उसामीसान यांनी विचारले, "तेव्हा तरी होता का कॅसेटवर?"

"मला काय माहीत? मी कधी ऐकलंच नाही."

त्यानंतर यंत्र लागले नाही. मी भिंतीला आहे तशीच आहे. माझ्यातून वीज जाते आणि यंत्रावरचा एक लाल ठिपका तेवढा पेटलेला राहतो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात कोणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लावून बसत असेल, तर अंगणात जाऊ नका. शेजारी बसा आणि तुम्हाला काय ऐकू येते ते सांगा. वेळेत सांगा. या घरात आता दोघे रोज शेजारी बसतात. ऐकायला काही उरलेले नाही.